पहिली गोधडी: एका सुती साडीपासून सुरुवात कशी करावी

आईच्या किंवा आजीच्या सुती साड्या कपाटात घडी घालून पडलेल्या असतात. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत. मग एके दिवशी उत्साहाने सात-आठ साड्या बाहेर निघतात, डबलबेडच्या मापाची गोधडी मांडली जाते, चार-पाच ओळी दोरे घातले जातात आणि पुढे ते गाठोडं पलंगाखाली जातं. माझ्याकडे गोधडी शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणी असं एक अर्धवट गाठोडं घेऊनच येतात. त्यांचा टाका वाईट नसतो. माप मोठं असतं आणि मांडणी सैल असते.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिली गोधडी एका साडीची आणि साधारण एक मीटर चौरस शिवा. बाळाचं दुपटं म्हणा, मांडीवर घ्यायची गोधडी म्हणा. ती पूर्ण होते. त्यात करायच्या सगळ्या गोष्टी मोठ्या गोधडीत जशाच्या तशा येतात, आणि पूर्ण झालेली एक गोधडी हातात असली की दुसरीची भीती उरत नाही.

खालचा क्रम सहसा बदलू नका. यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

काय काय लागेल

- एक सुती साडी, वापरून मऊ झालेली
- गोधडीची सुई: दीड-दोन इंच लांब, मोठ्या नेढ्याची. दोन-तीन घेऊन ठेवा, वाकतात
- भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या ५ लडी, एकाच रंगाच्या आणि एकाच शेड नंबरच्या
- टाचण्यासाठी, म्हणजे थर लांब टाक्यांनी तात्पुरते बांधण्यासाठी, पांढरा साधा दोरा
- अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी)
- मेणाचा तुकडा किंवा मेणबत्ती
- मोजपट्टी, कात्री, खडू
- मोठ्या सेफ्टी पिना, मोजून २०

शिलाई मशीन लागत नाही. वरच्या थरासाठी तुकडे जोडायचे असतील तर ते मशीनवर जोडले तरी चालतं. पण पाच थर एकत्र मशीनखाली घालू नका. घरगुती मशीनवर खालचा थर पुढे ओढला जातो आणि वरचा मागे राहतो.

सुईच्या ऐवजी दाभण वापरायचा मोह होतो, कारण तो थरांतून पटकन जातो. तो पोती शिवायला ठीक आहे. जुन्या साडीला मात्र त्याने भोकं पडतात आणि धुतल्यावर तिथूनच कापड उसवायला लागतं.

१. साडी निवडा

नव्या साडीची गोधडी शिवू नका. नवं कापड ताठ असतं, सुई अडकते, आणि ते पहिल्या चार धुण्यांत आटतं, म्हणजे तुमचे टाके गोळा होतात. आठ-दहा वर्षं नेसलेली, शंभरदा धुतलेली साडी सगळ्यात चांगली. आटायचं ते आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो.

साडी सुतीच आहे का याची खात्री नसेल, तर तिच्या कडेचे दोन-चार धागे काढून मोरीत, हात लांब ठेवून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. धागा वितळून त्याची कडक गुठळी झाली तर त्यात सिंथेटिक आहे. अशी साडी बाजूला ठेवा. ती घाम शोषत नाही, आणि थरात घातली की सरकत राहते. रेशमी साडीही पहिल्या वेळी नको. जुनं रेशीम घडीवर विरतं आणि सुईच्या टोचण्याने तिथेच फाटतं.

दुसरी तपासणी विरलेपणाची. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे ती झिरझिरीत दिसते तिथे खडूने खूण करा. बहुतेक वेळा निऱ्यांचा आणि खालच्या काठाजवळचा भाग विरलेला असतो, पदराच्या आतलं कापड मजबूत असतं. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड हलकेच ताणा. बारीक चर्र आवाज आला तर तो भाग फक्त आतल्या थरात जाईल, वर किंवा खाली नाही.

जरीचा काठ असेल तर तो कापून टाका. जर टोचते आणि तिचे सुटलेले तुकडे बाळाच्या बोटांत अडकतात. धाग्याचा सुती काठ असेल तर जरूर ठेवा. तो गोधडीला फार सुंदर दिसतो.

२. धुवा आणि वाळवा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जाऊ शकतं. सुती साड्यांना खळ असते. ती पूर्ण काढली नाही तर सुई जड जाते, आणि कपाटातली कसर खळीवर जगते. साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुवा, पाणी चिकट लागत असेल तर पुन्हा भिजवा.

रंग जातो का ते आत्ताच बघा. ओल्या साडीवर पांढरं ओलं फडकं दाबून घासा. फडक्याला लाल किंवा निळा डाग आला, तर ती साडी फिक्या साडीबरोबर एका गोधडीत घेऊ नका. पहिली गोधडी एकाच साडीची शिवायचं हेही एक कारण आहे.

वाळली की इस्त्री करा. इस्त्री दिसण्यासाठी नाही. आतल्या थरात राहिलेली एक घडी बाहेरून गाठीसारखी हाताला लागते आणि नंतर ती काढता येत नाही.

३. फाडा, कापू नका

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते आणि तिची रुंदी १.१ मीटरच्या आसपास. म्हणजे लांबीचे पाच सारखे भाग केले की १.१ मीटरचे पाच चौरस मिळतात. तेच आपले पाच थर: एक खालचा, तीन आतले, एक वरचा. साडी थोडी कमी भरली किंवा काठ काढल्याने रुंदी घटली, तर चौरस एक मीटरचा करा. काही बिघडत नाही.

मोजून खूण करा, कडेला कात्रीने बोटभर काप द्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं. कात्रीने कितीही जपून कापलं तरी रेघ वाकडी जाते आणि चौरसाचा पतंग होतो.

आता पाचातला सगळ्यात मजबूत तुकडा खालच्या थरासाठी राखून ठेवा. तो पूर्ण मापाचा राहील. बाकीचे चार चारही बाजूंनी ३-३ सेंटीमीटर लहान करा. खालचा थर बाहेर उरतो तोच वर दुमडून किनार होणार आहे. वेगळी पट्टी लावायची गरज पडत नाही.

४. मांडणी आणि टाचणी

फरशी पुसून कोरडी करा. पंखा बंद करा. खालचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरा आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पाट, वरवंटा, डबे, काहीही. कापड सपाट हवं, पण ताणलेलं नको. ताणून मांडलेलं कापड वजनं उचलल्यावर आखडतं आणि बाकीचे थर सैल पडतात.

त्यावर एकेक करून तीन आतले तुकडे ठेवा. दर थरानंतर मधून कडेकडे तळहात फिरवा. विरलेली जागा एकावर एक येऊ देऊ नका. एकाचा विरलेला भाग डावीकडे असेल तर दुसऱ्याचा उजवीकडे फिरवून ठेवा. शेवटी वरचा तुकडा, सुलटी बाजू वर.

पिना मधून लावायला सुरुवात करा आणि बाहेर जा. नंतर पांढऱ्या दोऱ्याने, तीन-चार इंचांचे लांब टाके घेत, मधून चारही बाजूंना आणि चारही कोपऱ्यांना टाचा. मग या रेघांच्या मध्ये आणखी रेघा. दोन टाचणरेघांत वीतभरापेक्षा जास्त अंतर राहू नये. तासभर लागेल आणि कंटाळाही येईल, पण इथला एक तास पुढे कितीतरी तास वाचवतो. टाचलेली गोधडी उचलून हलवा. एकही थर आत सरकला नाही तर काम नीट झालं.

शेवटी किनार. बाहेर उरलेल्या ३ सेंटीमीटरपैकी १ सेंटीमीटर आत दुमडा आणि उरलेली २ सेंटीमीटरची पट्टी वरच्या थरावर घडी घालून टाचा. कोपऱ्यात आधी टोक तिरकं आत दुमडा, मग दोन्ही बाजू त्यावर आणा, म्हणजे गोळा होत नाही.

आता सगळ्या पिना काढा आणि मोजा. वीस लावल्या असतील तर वीसच परत यायला हव्यात.

टाचणी झाली की फरशीवर बसायचं बंधन संपतं. गोधडी गुंडाळून मांडीवर घ्या, खुर्चीत पाठ टेकून बसा. उजेड मात्र बाजूने यायला हवा.

५. दोरे घालणे

टाका एकच आहे: धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे जाणारा साधा टाका. लडीतला दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर वेगळे काढा. सहाही पदर घेतले तर पाच थरांतून ओढताना बोटं सोलून निघतात. दोरा हातभरच तोडा. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून लांब दोरा घेणारीचा दोरा सगळ्यात जास्त गुंततो, आणि दरवेळी कापडातून ओढला गेल्याने त्याला तूसही सुटतं. मेणावरून एकदा ओढून घ्या, सरळ राहतो.

दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण तो जुन्या मऊ कापडापेक्षा इतका मजबूत असतो की काही वर्षांत तोच कापड कापू शकतो.

गाठ दिसू द्यायची नाही. सुई सुरुवातीच्या जागेपासून इंचभर अलीकडे वरच्या थरात घाला, फक्त आतल्या थरांतून नेऊन हव्या त्या जागी वर काढा आणि हलका झटका द्या. गाठ वरच्या कापडातून आत जाते आणि तिथेच राहते. दोरा संपत आला की दोन उलटे टाके घ्या, सुई थरांतून इंचभर पुढे नेऊन काढा आणि दोरा कापडालगत कापा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा. पहिल्या दिवशी गव्हाएवढा आला तरी चालेल, पण वरचा टाका आणि मधली मोकळी जागा सारखी ठेवा. डोळ्याला आकारातला फरक कमी टोचतो, असमानता जास्त. डावा हात गोधडीच्या खाली ठेवा. सुईचं टोक दरवेळी खालच्या बोटाला किंचित लागलं पाहिजे, तरच ती पाचही थरांतून गेली असं समजा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरा आणि मग दोरा ओढा. ओढताना हात हलका ठेवा. चार-पाच टाके झाले की कापड बोटांनी मागे सारा. चुण्या असतील तर लगेच मोकळ्या होतात.

ओळी कशा घालायच्या? आपल्याकडची जुनी पद्धत कोपऱ्यातून सुरू करून चारही बाजूंनी फिरत फिरत आत मध्यापर्यंत जायची. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, टाका असाच कडेकडून आत येतो. कोपऱ्यांवर त्या दुमडलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. मला ही पद्धत आवडते. पहिल्याच फेरीत किनार पक्की होते आणि पुढची प्रत्येक फेरी लहान होत जाते, त्यामुळे काम संपत आल्याची जाणीव हाताला होते.

पहिली फेरी किनारीच्या आतल्या कडेला लागून घाला. नंतरच्या दोन ओळींत २ सेंटीमीटर ठेवा. करंगळीची रुंदी आणि वर थोडं. मोजपट्टी सारखी लावू नका, करंगळी पुरते.

या पद्धतीत एक धोका आहे. कडेकडून आत येताना सैल कापड मध्याकडे सरकत जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. म्हणून दर चार-पाच फेऱ्यांनंतर गोधडी सपाट पसरून तळहात फिरवा. उठाव दिसला तर शेवटच्या दोन फेऱ्या उसवा, कापड कडेकडे सारा आणि पुन्हा घाला. फुगा दाबून त्यावरून टाके घातले तर तिथे कायमची चुणी बसते. कात्री तर अजिबात लावू नका. मांडणी घट्ट झालेली असेल तर ही वेळ सहसा येतच नाही.

काही घरांत मधला शेवटचा भाग बंद करताना गोधडी उपाशी राहू नये म्हणून आत भाकरीचा तुकडा ठेवायची रीत आहे. तुमच्याकडे असेल तर जरूर पाळा. तुकडा कणभर आणि कडकडीत वाळलेला घ्या, नाहीतर मुंग्या लागतात.

वेळेचा अंदाज हवा असेल तर हिशोब सोपा आहे. एक मीटर चौरसात २ सेंटीमीटरवर ओळी घातल्या तर साधारण ५५ मीटर शिवण होते. कापडात वर-खाली जाणारा आणि टोकांना तुटणारा दोरा धरून ७५ मीटर लागतो. ८ मीटरच्या एका लडीतून तीन पदरी १६ मीटर निघतो, म्हणून पाच लडी. रोज एक-दोन दोरे संपवायचे एवढंच ठरवा. एका बैठकीत तीन तास बसलात तर बोटं सुजतात आणि मग आठवडाभर सुई हातात घ्यावीशी वाटत नाही.

६. शेवटची तपासणी

सगळे दोरे झाल्यावरच टाचणाचा पांढरा दोरा उसवा. दोन्ही बाजूंनी हात फिरवा. कुठे सुटलेलं टोक, विसरलेली पिन, मोडलेल्या सुईचा तुकडा राहिला आहे का बघा. गोधडी तान्ह्या बाळासाठी असेल तर टिकल्या, मणी, गोंडे, बटणं लावू नका. आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते: वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सुटी गोधडी टाकून ठेवू नये, ती तोंडावर येऊ शकते. मांडीवर घेताना, अंघोळीनंतर गुंडाळायला, जमिनीवर खेळताना अंगाखाली पसरायला ती वापरा.

७. धुणं आणि ठेवणं

पहिलं धुणं एकटीचं आणि थंड पाण्यात. अर्धा तास भिजवून हातांनी दाबत धुवा. पिळू नका, पिळल्याने टाके ओढले जातात. दोरीच्या एकाच घडीवर न टाकता दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पसरा आणि दुपारी उलटवा. आतले थर वरच्यापेक्षा उशिरा वाळतात. वरून कोरडी लागली म्हणून घडी घालून ठेवली तर कुबट वास येतो.

पावसाळ्यात शक्यतो धुऊ नका. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपल्याकडची पद्धत त्यासाठी अगदी योग्य आहे. पाऊस ओसरलेला असतो आणि ऊन कडक असतं. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. जुन्या सुती ओढणीत बांधा आणि सोबत कडुलिंबाचा वाळवलेला पाला ठेवा.

फाटली तर टाकायची नाही. लहान भोकाला कडा दुमडून ठिगळ लावा आणि त्यावरून आधीच्या ओळी तशाच पुढे न्या. खूपच विरली तर वर-खाली आणखी एका जुन्या साडीचा एकेक थर घालून पुन्हा दोरे घाला. जुनी गोधडी आत जाते आणि नवी आयतीच जाड होते.

८. मग मोठी गोधडी

पहिली धुऊन वाळल्यावरच मोठी सुरू करा, कारण धुतल्यावर टाके कसे बसले ते दिसतं. एका माणसाच्या गोधडीचं माप साधारण दीड मीटर बाय २.१ मीटर. साडीची रुंदी एवढी नसते, म्हणून प्रत्येक थराला १.५५ मीटरचे दोन तुकडे शेजारी जोडायचे. पाच थरांना दहा तुकडे. दोन नऊवारी साड्यांतून बरोबर दहा निघतात. सहावारी असतील तर तीन साड्यांतून नऊ निघतील. दहावा उरलेल्या दोन तुकड्यांना जोडून करा आणि आतल्या थरात वापरा.

दोन तुकड्यांचा जोड प्रत्येक थरात एकाच जागी येऊ देऊ नका. एका थरात मधोमध आला तर पुढच्या थरात एका तुकड्याची पट्टी फाडून दुसऱ्या बाजूला जोडा, म्हणजे जोड वीतभर सरकेल. सगळे जोड एकावर एक आले तर तिथे सुई जात नाही आणि पाठीखाली ती रेघ टोचते. शिवण दीडशे मीटरच्या वर जाईल, पहिलीच्या जवळजवळ तिप्पट, तेव्हा दोऱ्याच्या पंधरा लडी आणि त्याही एकाच शेड नंबरच्या आधीच घेऊन ठेवा. मध्येच संपल्या तर पुढच्या लडींचा रंग तंतोतंत जुळेलच असं नाही.